सांदवाडीतलं वेल्डिंग मशीन

जेवणखाण आटोपून, भांडी पालथी घालून तुम्ही रेडिओजवळ बसला असाल. आजवर या वेळेला आपण लोणची, पापड, शेळीपालन, मोहफुलांचे लाडू, बांबूच्या वस्तू असं पुष्कळ ऐकलं. आज आम्ही लोखंडाबद्दल बोलणार आहोत. घरच्या आवारात वेल्डिंगचं काम सुरू करायचं तर काय लागतं, काय जपावं लागतं आणि आम्ही कुठे चुकलो, ते सगळं सांगणार आहोत. हसू आलं असेल तर हसून घ्या. आम्हीही आधी हसलोच होतो.

आम्ही सिंदेवाहीकडच्या धानपट्ट्यातल्या बचत गटांचं काम पाहतो. रोवणीच्या दिवसांत या भागात काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. बांधीत चिखलणी चालू असते आणि नेमकी ट्रॅक्टरच्या लोखंडी चाकाची पट्टी तुटते. मग ते चाक गाडीवर टाकून तालुक्याच्या गावी न्यायचं. तिथे आधीच दहा चाकं पडलेली असतात. दोन दिवस जातात, इकडे पऱ्हे वाढून बसतात, रोवणाऱ्या बाया दुसऱ्याच्या बांधीत निघून जातात. काम पंधरा मिनिटांचं, खोळंबा दोन दिवसांचा.

पण आम्हाला लोखंडाकडे नेलं ते चाकानं नाही, बिबट्यानं. आमच्या एका सखीच्या कोठ्यात रात्री बिबट्या शिरला आणि तीन शेळ्या गेल्या. एक गाभण होती. शेळ्या गटाच्या कर्जातून घेतलेल्या. कोठ्याला दार म्हणजे काट्याची झापडी. मासिक बैठकीत ती म्हणाली, “हप्ता भरीन जी, पण मले एक लोखंडी दार करून द्या.” आम्ही तालुक्याला भाव काढला. दार, नेणं-आणणं, बसवणं धरून आकडा तिच्या ऐपतीबाहेरचा होता. तेव्हा गटाची सचिव म्हणाली, “असं दार आपणच केलं तर?” सगळ्या हसल्या. ती मात्र हसली नाही. आठवी पास, लग्नाआधी मामाच्या गॅरेजमध्ये बसून काम पाहिलेली बाई. तिथून ही गोष्ट सुरू झाली.

गावात कुजबुज झाली. “आता बाया लोखंड जोडतीन काय?” पारावर बसलेल्या एका आजोबांचा हा प्रश्न. त्यांना आम्ही म्हसवडच्या कांताबाईंची गोष्ट सांगितली. तुम्हीही ऐका. सातारा जिल्ह्यात माण तालुक्यात म्हसवड हे दुष्काळी गाव. तिथे कांताबाई रस्त्याच्या कडेला राहायच्या आणि वेल्डिंगचं काम करून पोट भरायच्या. पावसाळ्याआधी डोक्यावर घालायला प्लॅस्टिकचा कागद घेता यावा म्हणून त्यांना पैसे साठवायचे होते. पण रक्कम फार लहान म्हणून बँका खातं उघडेनात. त्यांनी हे चेतना सिन्हांना सांगितलं. त्यातून बायांची स्वतःची बँक काढायचं ठरलं. पहिल्यांदा रिझर्व्ह बँकेनं परवाना नाकारला, कारण अर्जावर अंगठे होते. बाया लिहा-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या, कोणत्याही रकमेवरचं व्याज विचारा, आम्ही यंत्राशिवाय सांगतो. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. म्हणजे बायांच्या बँकेच्या मुळाशी एक वेल्डिंग करणारी बाई आहे. आजोबा काही बोलले नाहीत. पण नंतर खाट जोडायला पहिले तेच आले.

आता कामाचं बोलू.

पहिली गोष्ट, मशीन घेण्याआधी हात शिकवा. आमच्याकडे उत्साहात आधी मशीन आणायचं ठरत होतं. आम्ही थांबवलं. आयटीआयमध्ये वेल्डरचा एक वर्षाचा कोर्स असतो, त्याला आठवी पास लागते. तरण्या मुलींसाठी तो उत्तम. ज्यांना घर सोडून वर्षभर जाता येत नाही त्यांनी आपल्या जिल्ह्यातल्या आरसेटीत, म्हणजे बँकांनी चालवलेल्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत चौकशी करावी. तिथलं प्रशिक्षण मोफत असतं, राहण्या-जेवणाची सोय असते. कोणते वर्ग कधी आहेत ते विचारा आणि पंधरा-वीस जणींची मागणी एकदम लिहून द्या. आमच्या चौघी शिकल्या. शिवाय सचिवबाई मामाच्या गॅरेजमध्ये महिनाभर जाऊन बसल्या. भंगारातल्या तुकड्यांवर शंभर टाके मारल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या वस्तूला हात लावायचा नाही, हा नियम मामांनीच घातला.

टाका म्हटल्यावर तुम्हाला शिलाई आठवली असेल. काम तसंच आहे. आधी चार कोपऱ्यांना कच्चा टाका मारायचा, गुण्या लावून काटकोन पाहायचा, मग पक्की शिलाई. एकाच बाजूनं सलग ओढत गेलं की पोलक्याला चुण्या पडतात, तसं लोखंड तापून वाकतं. म्हणून थोडं इकडे, थोडं तिकडे, समोरासमोर जोडत जायचं. ज्यांनी ब्लाउज बेतला आहे त्यांना हे चटकन समजतं.

दुसरी गोष्ट, जागा. आम्ही सचिवबाईंच्या सांदवाडीतली छपरी घेतली. खाली माती ठोकून सिमेंटचा कोबा केला. वर पूर्वी तणशीचं छप्पर होतं, ते काढून पत्रा टाकला. तणस, पेंढ्या, सरपण, गोवऱ्या, पोती यांतलं काहीही दहा-बारा मीटरच्या आत ठेवायचं नाही. ठिणगी दिसते तेवढीशी, पण ती उडते लांब आणि फटीत जाऊन बसते. दोन बाजू उघड्या ठेवल्या, कारण धूर निघून गेला पाहिजे. तिसरी बाजू घराची भिंत आणि चौथ्या बाजूला पत्र्याचा आडोसा. तो आडोसा आम्ही आधी केला नव्हता. त्याची किंमत आम्ही मोजली, ते पुढे सांगतो.

तिसरी गोष्ट, वीज. इथे आम्ही पहिली मोठी चूक केली. मशीन आणलं त्याच दिवशी घाईनं घरातल्या भिंतीवरच्या बटणात पिन खोचली. दहा मिनिटांत प्लॅस्टिक वितळल्याचा वास आला आणि बोर्ड काळा पडला. नशीब, घर वाचलं. नंतर वायरमन दादांनी समजावलं ते असं. वीजबिल काढा आणि त्यावर ‘मंजूर भार’ किती लिहिलाय ते पाहा. खेड्यातल्या बऱ्याच घरांचा तो फार कमी असतो, कारण तो दिवे, पंखा, टीव्हीसाठी घेतलेला असतो. वेल्डिंगचं छोटं मशीन बारीक रॉडवर चालताना दोन किलोवॅटच्या आसपास आणि त्याहून जाड रॉडवर तीन किलोवॅटच्या आसपास वीज ओढतं. म्हणून महावितरणच्या कार्यालयात जाऊन भार वाढवण्याचा अर्ज करायचा आणि धंद्यासाठी वापर असेल तर तसं सांगून योग्य प्रकारची जोडणी घ्यायची. आकडा टाकून हे काम करू नका. दंड तर बसतोच, पण त्या तारेवर जीव जातो.

मीटरपासून छपरीपर्यंत आम्ही वेगळी लाइन ओढली. तांब्याची ४ चौरस मिलिमीटरची वायर, ३२ अँपिअरचा एमसीबी, शिवाय झटका बसताच वीज तोडणारं ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी. वेगळा खड्डा करून अर्थिंग केलं. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालायला विसरायचं नाही, तुळशीला घालतो तसं. हे सगळं परवाना असलेल्या वायरमनकडूनच करून घ्या. यात आमचे साडेपाच हजार गेले आणि ते सर्वात चांगले गेलेले पैसे आहेत असं आम्ही आज म्हणतो.

चौथी गोष्ट, मशीन. बाजारात दोन जाती दिसतील. एक जुनी, ट्रान्सफॉर्मरची. जड, दोघांना उचलायला लागते, टिकाऊ, पण चालू केली की शेजारच्या तीन घरांचे दिवे मिचमिचतात. दुसरी इन्व्हर्टरची. वजन सहा-आठ किलो, एक बाई खांद्याला अडकवून नेऊ शकते, वीज कमी खाते. घरच्या कामाला २०० अँपिअरचं एक फेज इन्व्हर्टर मशीन पुष्कळ झालं. साधारण आठ ते पंधरा हजारांत मिळतं. घेताना तीन प्रश्न विचारा. व्होल्टेज किती खाली गेलं तरी चालेल? दुरुस्ती कुठे होते, जिल्ह्यातच की नागपूरला पाठवावं लागतं? आणि होल्डर, केबल, क्लॅम्प सोबत मिळतात का? आपल्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं. म्हणून पहिला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. इन्व्हर्टर मशीनला एक दुखणं आहे, धूळ. ग्राइंडरची लोखंडी धूळ आत गेली की मशीन जळतं. ग्राइंडर आणि मशीन एकमेकांपासून लांब ठेवा. महिन्यातून एकदा प्लग काढून मशीनवरची धूळ हवेनं उडवा.

पाचवी गोष्ट, सोबतचं सामान. रॉड धरायचा होल्डर चांगला घ्या, त्याचा मुठीचा भाग फुटका नको. दुसरा अर्थिंगचा क्लॅम्प. तो गंजलेल्या किंवा रंगवलेल्या जागी लावला तर रॉड पेटता पेटत नाही. आधी जागा घासून चकचकीत करा. खपली काढायची टोकदार हातोडी, तारेचा ब्रश, बेंच व्हाइस, दोन सी-क्लॅम्प, गुण्या, टेप, खडू आणि चार इंची ग्राइंडर. ग्राइंडरचं पातं मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेतं. त्यावरचं लोखंडी कव्हर कधीही काढू नका. पातं अडतं म्हणून कव्हर काढणारे पुरुष आम्ही पाहिले आहेत, त्यांची बोटंही पाहिली आहेत. आमचं टेबल आम्हीच केलं, आमच्या कमरेच्या उंचीचं. दुकानातली टेबलं पुरुषांच्या मापाची असतात, वाकून वाकून पाठ जाते.

रॉडबद्दल. सुरुवातीला ६०१३ नंबरचा साधा रॉड घ्या. पातळ पट्टी, चौकोनी पाइप यांना अडीच मिलिमीटरचा रॉड, ६० ते ९० अँपिअरवर. अँगल आणि जाड सळईला सव्वातीनच्या जवळचा, म्हणजे ३.१५ मिलिमीटरचा, ९० ते १३० अँपिअरवर. करंट कमी पडला की रॉड चिकटतो, जास्त झाला की भोक पडतं. पावसाळ्यात रॉड ओलावा धरतो. मग तडतडतो, जोडात बारीक भोकं राहतात आणि वरून छान दिसणारा जोड आतून पोकळ निघतो. आपण पापड ठेवतो तसे रॉड घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि लागतील तेवढेच बाहेर काढा.

आता डोळ्यांचं बोलते व्हायचं आहे. मैत्रिणींनो, इथे नीट ऐका.

मशीन येऊन तीन आठवडे झाले होते. शाळा सुटली की पोरं छपरीपाशी गोळा व्हायची. निळा प्रकाश बघायला गंमत वाटते. आम्ही “जा रे” म्हणायचो, ती दोन पावलं मागे सरायची. एका रात्री दीड वाजता आमच्या एका सखीचा मुलगा किंचाळत उठला. डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होत होतं, डोळे उघडेनात, पाणी थांबेना. त्याच्या आजीनं बटाट्याच्या चकत्या ठेवल्या, कोणी दूध घाला म्हणालं. पहाटे गाडी करून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, वेल्डिंगच्या प्रकाशातले न दिसणारे अतिनील किरण डोळ्याच्या वरच्या पडद्याला भाजतात. त्रास लगेच होत नाही, चार-आठ तासांनी, बहुतेक रात्रीच सुरू होतो. म्हणून पोराला संध्याकाळी काहीच कळलं नव्हतं. दोन दिवसांत डोळे बरे झाले. पण पुन्हा पुन्हा असं होत गेलं तर डोळे कायमचे बिघडू शकतात.

दुसऱ्या दिवशी गावानं बैठक मागितली. मशीन विकून टाका, असं बरेच जण म्हणाले. गटातल्याही दोघी तसंच म्हणाल्या. आम्हालाही वाटलं, आपलं चुकलं. आणि चुकलंच होतं. मुलाची आई तोंड झाकून रडत बसली होती. सगळ्यांचं बोलून झालं आणि तीच म्हणाली, “मशीन विकून माझ्या पोराचे डोळे बरे होत नाहीत. आडोसा बांधा.” तिच्या त्या एका वाक्यावर मशीन राहिलं.

त्या आठवड्यात पत्र्याचा आडोसा उभा राहिला, माणसाच्या डोक्याहून उंच. दाराला जाड ताडपत्रीचा पडदा लागला. भिंतीला काळपट, चमक नसलेला रंग दिला, कारण पांढऱ्या भिंतीवरूनही प्रकाश उसळतो. आणि नियम लिहून लावले. काम सुरू करण्याआधी करणारीनं मोठ्यानं “डोळे!” म्हणायचं आणि मगच रॉड टेकवायचा. १० किंवा ११ नंबरच्या काळ्या काचेचं हेल्मेट घातल्याशिवाय जोड पाहायचा नाही. उन्हाचा काळा चष्मा इथे काही कामाचा नाही. मदतनीस बाईलाही स्वतंत्र हेल्मेट. खपली काढताना आणि ग्राइंडर चालवताना पांढरा चष्मा, कारण खपली गरम असते आणि नेमकी डोळ्याकडे उडते. डोळ्यांना त्रास झालाच तर स्वच्छ थंड पाण्याची घडी ठेवून दवाखाना गाठायचा. बटाटा नाही, दूध नाही, मनानं आणलेले थेंब नाहीत.

कपड्यांचं. नायलॉनची, सिंथेटिकची साडी ठिणगीनं वितळून अंगाला चिकटते. आम्ही जुन्या सुती शर्ट-पँट शिवून घेतल्या, वर चामड्याचा अॅप्रन, कोपरापर्यंतचे चामड्याचे हातमोजे, पायात बंद बूट. सासवांना पँट रुचली नाही. त्यांना आम्ही वितळलेल्या पदराचा तुकडा दाखवला. नंतर कोणी काही बोललं नाही. केस बांधून आत. बांगड्या, अंगठी काढून डब्यात. मंगळसूत्रावरून वाद झाला. धातू तारेला लागला तर तापतो, ग्राइंडरमध्ये अडकला तर गळ्याशी खेळ. कामापुरतं काढून देवापाशी ठेवायचं, असं एका आजीबाईंनीच ठरवून दिलं. हात ओले, अंग घामेजलेलं असताना रॉड बदलायचा नाही. पायाखाली कोरडी लाकडी फळी हवी.

दोन धोके वरून दिसत नाहीत. पहिला, जीआय पाइप आणि जाळीवरचा पांढरा जस्ताचा थर. तो जळाला की पांढरा धूर येतो आणि रात्री हिवताप भरल्यासारखी थंडी वाजते. मलेरिया समजून गोळ्या खाल्ल्या जातात. दूध प्यायलं की धूर उतरतो, असं कारागीर सांगतात. त्यात तथ्य नाही. जोडाच्या दोन्ही बाजूंचा थर आधी घासून काढा, मोकळ्यावर काम करा, वारा बाजूनं वाहील असे उभे राहा. आम्ही तर जाळी जोडतच नाही, पट्टी आणि नटबोल्टनं आवळतो. दुसरा धोका, जुने डबे आणि ड्रम. डिझेल, रॉकेल, रंग, फवारणीचं औषध यांचा रिकामा डबा हा रिकामा नसतो. आत वाफ असते आणि ती बॉम्बसारखी फुटते. कोणी कितीही गळ घातली, जास्त पैसे देतो म्हणालं, तरी असा डबा जोडायचा नाही.

आपण जंगलात राहणारी माणसं. फाल्गुन-चैत्रात पानगळ पडलेली असते, मोह वेचायचे दिवस असतात, वारा सुटलेला असतो. त्या दिवसांत बाहेर कुंपणावर जाऊन वेल्डिंग करायचं असेल तर भोवतीचा पालापाचोळा झाडून, पाणी मारूनच करा. वाळूची बादली, पाण्याची बादली जवळ हवी. मशीन किंवा वायर पेटली तर पाणी नाही, आधी वीज बंद आणि मग वाळू. काम संपल्यावर अर्धा तास तिथेच बसायचं. इंगळ लपून राहतो हे चुलीपाशी बसणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही.

आता हिशेब. कांताबाईंच्या मैत्रिणींनी व्याजाचं गणित शिकून घेतलं, तसं आम्ही लोखंडाचं शिकलो. गोल सळई किती मिलिमीटर जाडीची आहे तो आकडा त्याच आकड्यानं गुणा आणि १६२ नं भागा. आलेला आकडा म्हणजे एका मीटरचं वजन किलोत. १२ मिलिमीटरची सळई. बारा बारे १४४, भागिले १६२, म्हणजे ०.८८९. मीटरला किलोपेक्षा थोडी कमी. एका दुकानात आम्ही १२ मीटर घेतली आणि बिलावर १४ किलो लागलं. आमच्या हिशेबानं पावणेअकराच्या आत यायला हवी होती. आम्ही पुन्हा काट्यावर ठेवायला लावली. वजन बरोबर आमचं निघालं. “दुसऱ्याचं बिल चुकून लागलं,” असं उत्तर मिळालं. असेलही. पण त्या दिवसापासून तिथे आमचं वजन कधी चुकलं नाही.

शेळ्यांच्या कोठ्याचं तीन फूट बाय पाच फुटाचं दार. चौकट २५ बाय २५ बाय ३ च्या अँगलची, साधारण सव्वापाच किलो. आत १२ मिलिमीटरच्या आठ सळया, पावणेअकरा किलो. दोन आडव्या पट्ट्या, पावणेदोन किलो. सगळं मिळून पावणेअठरा किलोच्या आसपास. किलोला ७० रुपये धरले तर १२४० रुपये. बिजागरी आणि कडी १५०, रॉड ७५, ग्राइंडरची पाती ५०, वीज २०, प्राइमर आणि रंग १२५, मशीनची झीज ७०. झाले १७३०. दोघींच्या अर्ध्या दिवसाची मजुरी ४००. दार पडलं २१३० रुपयांना. आणि पहिलं दार आम्ही विकलं होतं १५०० ला! लोखंडाचे पैसे तेवढे धरले आणि वाटलं, नफा झाला. आपण बाया सगळ्यात आधी आपली मजुरी विसरतो, मग विजेचं बिल. वहीत प्रत्येक वस्तूचं असं पान करा आणि मगच भाव सांगा.

दारासोबत एक गोष्ट गिऱ्हाइकाला सांगत जा. बिबट्या नुसता दारातून येत नाही, छपरावरूनही उतरतो. सळयांमधलं अंतर चार इंचांहून जास्त नको, कडी दोन हव्यात आणि वरची बाजूही बंद हवी. नाहीतर दार मजबूत आणि शेळी गेली, असं होतं. आणि दुरुस्तीत एक मर्यादा पाळा. ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक, गाडीचं स्टेअरिंग, झुल्याची कडी, विहिरीवरचा राहाट, जिथे जोड सुटला तर जीव जाईल ते काम कसलेल्या माणसाकडे पाठवा. नाही म्हणायला लाज वाटू देऊ नका.

पैसे कुठून आणायचे? आम्हाला मशीन, ग्राइंडर, वायरिंग, हेल्मेट, कपडे, आडोसा असे सगळे मिळून ३१ हजार लागले. गटाच्या बचतीतून थोडे, ग्रामसंघाकडून कर्जानं बाकीचे. मोठं काम काढायचं तर मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं. पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रमात खेड्यातल्या बाईला प्रकल्पाच्या ३५ टक्के अनुदान आहे आणि स्वतःचे ५ टक्के घालावे लागतात. त्याची चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात करा. लोहारकाम ज्यांच्या घरात चालत आलं आहे त्यांनी २०२३ साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेबद्दलही विचारावं, त्यात लोहार हा व्यवसाय आहे. उद्यम नोंदणी मोफत होते, त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका.

मशीन कोणाचं, हे पहिल्या दिवशी लिहून ठेवा. आमचं मशीन गटाचं आहे, जागा सचिवबाईंची आहे, तिचं भाडं ठरलेलं आहे. रोजची वही भरली जाते. कोणाच्या नवऱ्याला वापरायचं असेल तर तोही वहीत नाव लिहून तासाचे पैसे देतो.

खरं सांगायचं तर सगळं गोड झालं असं नाही. शिकलेल्या चौघींपैकी एकीचं लग्न झालं, एकीला धुराचा दम लागतो म्हणून ती आता हिशेब पाहते. काम करणाऱ्या दोघीच उरल्या. पावसाळ्याच्या चार आठवड्यांत चाकांची रांग लागते आणि भाद्रपदात हात रिकामे असतात. म्हणून या दोघी शेतीही सोडत नाहीत. पण गेल्या रोवणीत आमच्या गावाचं एकही चाक तालुक्याला गेलं नाही. ज्या सखीच्या तीन शेळ्या गेल्या तिच्या कोठ्याला दार आहे, दोन कड्या आहेत, वर जाळी आहे. तिचा हप्ता फिटला. आणि ज्या मुलाचे डोळे दुखले तो आता पडद्याबाहेर उभा राहून लहान पोरांना ओरडतो, “डोळे!”

तुमच्या गटात कोणाच्या मनात असेल तर आधी येऊन बघा. छपरी उघडी असते, फक्त पडदा लावलेला असेल तर बाहेरूनच हाक मारा. आत रॉड खाली ठेवला की आम्हीच बाहेर येऊ.